अप्पांच्या कानातला सेल

माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही आणि उजव्या कानाला मशीन आहे. त्या मशीनला शर्टाच्या बटणाएवढा एक सेल लागतो. सहा सेलचं कार्ड मिळतं, प्रत्येक सेलवर निळी पट्टी चिकटवलेली. पट्टी काढली की सेलच्या पाठीवरची बारीक भोकं उघडी पडतात, त्यांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. मात्र पट्टी काढल्या काढल्या तो मशीनमध्ये घालायचा नाही. एक मिनिट उघडा ठेवायचा. पोटभर हवा घेतली की मग तो दहा-बारा दिवस नीट चालतो. घाई केली तर आठव्याच दिवशी अप्पांचं "काय? काय म्हणालीस?" सुरू होतं.

ते एक मिनिट माझं असतं. जुना सेल काढून टाकलेला, नवा टेबलावर हवा खात पडलेला आणि समोर खुर्चीत अप्पा, ज्यांना यातलं अक्षरही ऐकू येत नाही. त्या मिनिटात मी त्यांच्याशी बोलते. एरवी जे बोलता येत नाही ते सगळं. कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवत, टेबल पुसत, भाजी कुठली करू असं विचारावं तितक्या साध्या आवाजात. सुरुवातीला मी माझ्या गुडघ्यांबद्दल, शाळेतल्या कटकटींबद्दल काहीबाही बोलायचे. गेलं वर्षभर मात्र मी एकच वाक्य बोलत आले. "अप्पा, तुम्ही कॅमेरा तिला का दिलात?"

ती म्हणजे माझी भावजय, धाकट्या भावाची बायको. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, आयटी कंपनीत नोकरीला, घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहणारी. वागायला चांगली, बोलायला गोड, कामाला उरकती. तिच्यात नाव ठेवायला जागा सापडत नाही, आणि माझ्यासारख्या नणंदेला याहून मोठा त्रास नसतो.

तिला मिळाला तो कॅमेरा कसा होता ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल. तेव्हा आम्ही ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका चाळीत राहायचो. अप्पा कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या एका सहकाऱ्याचा भाऊ बोटीवर होता, त्यानं जपानहून आणलेला कॅमेरा अप्पांनी त्याच्याकडून घेतला. चामड्याच्या केसमधला, हातात घेतला की वजन कळणारा. वरच्या बाजूला काचेची एक इवलीशी खिडकी आणि तिच्यात केसाएवढी सुई. उजेडाकडे धरला की सुई वर जायची, सावलीकडे धरला की खाली यायची. अप्पा सुई बघत रिंग फिरवायचे, ती मधोमध आली की मान हलवायचे आणि मग एक डोळा मिटायचे.

घरातला नियम एकच होता, कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. हा नियम आईलाही होता. मला फक्त एक काम होतं. लेन्सवरचं काळं झाकण काढलं की ते माझ्या मुठीत यायचं आणि फोटो काढून होईपर्यंत मी ते सांभाळायचं. नवरात्रात देवीची मिरवणूक यायची तेव्हा टेंभी नाक्याला पाय ठेवायला जागा नसायची. त्या गर्दीत माझ्या एका हातात अप्पांच्या सदऱ्याचं टोक आणि दुसऱ्या मुठीत झाकण. घरी येऊन मूठ उघडली की तळहातावर गोल वळ उठलेला असायचा. भावाला हे काम कधी मिळालं नाही, तो झाकण हरवून बसेल म्हणून. मला याचा केवढा अभिमान होता.

वर्षातून एकाच दिवशी मला कॅमेऱ्याला हात लावता यायचा, खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारांची पूजा. चाळीत कुणी करवत-पटाशी मांडायचं, कुणी शिवणयंत्र. आमच्याकडे पाटावर अप्पांची ड्रॉइंगची पेटी, आईची विळी आणि कॅमेरा. कुंकू लावायचं काम माझं. लेन्सच्या कड्याला बोट टेकलं की गार लागायचं. त्या कड्याच्या खाचेत दर वर्षी थोडं कुंकू अडकून राहायचं आणि इतके टापटिपीचे अप्पा ते कधी पुसायचे नाहीत. तिथं माझी सही आहे असं मला वाटायचं.

तेरा वर्षांची असताना मी एकदा धीर करून म्हटलं, "अप्पा, एक फोटो मी काढू?"

"दहावी झाली की बघू," ते म्हणाले.

दहावी झाली, बारावी झाली, बी.एस्सी. झाली, लग्नही झालं. मी पुन्हा विचारलं नाही आणि त्यांना आठवलं नाही. माझ्या लग्नातले फोटो अप्पांनीच काढले. शालू नेसून बोहल्याकडे जाताना, आता अप्पा झाकण कुणाकडे देतील, या विचारात मी होते.

पुढे आई गेली. चाळ रीडेव्हलपमेंटला गेली. ट्रंका आणि भांडी भावाकडे बाविसाव्या मजल्यावर चढली आणि अप्पा माझ्याकडे डोंबिवलीला आले. त्यांना लिफ्टची धास्ती आहे, आणि आमच्याकडे जिना उतरला की समोर वाचनालय आहे. मुलीकडे राहायला त्यांनी कधी संकोच केला नाही, माझ्या मिस्टरांनीही कधी तोंड वाकडं केलं नाही. तेव्हा अप्पांचं पथ्य, औषधं, कान, नखं हे सगळं माझ्याकडे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. हिशेबात असू द्यावं म्हणून सांगते.

मागच्या वर्षीच्या गणपतीत आम्ही सगळे भावाकडे होतो. मी स्वयंपाकघरात मोदक वळत होते. बाहेर हॉलमध्ये भावजय जुनी ट्रंक उघडून आरतीची घंटा शोधत होती. घंटेऐवजी तिच्या हाताला कॅमेरा लागला.

"अप्पा, हा चालतो का अजून? मी घेऊ?"

आणि अप्पा म्हणाले, "घे की."

घे की. एवढंच. दहावी नाही, हात धुऊन ये नाही, बघू नाही. माझ्या हातातल्या मोदकाच्या पाकळ्या फाटल्या. मी तो पुन्हा वळायला घेतला, पुन्हा फाटला. शेवटी नुसता गोळा करून उकडायला ठेवला आणि जेवताना तो नेमका माझ्याच पानात आला.

दिवाळीच्या पहिल्याच दिवशी ती कॅमेरा घेऊन आमच्याकडे आली. ठाण्यातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडून तिनं तो उघडून साफ करून घेतला होता.

"ताई, बघा ना कसला चमकतोय. लेन्सच्या रिंगमध्ये लाल गंज बसलेला. ते काका म्हणाले खूप जुना आहे, ब्रश मारून मारून काढला त्यांनी."

मी कॅमेरा हातात न घेता वाकून पाहिलं. खाच अगदी स्वच्छ होती. तो गंज नव्हता, माझ्या बोटाचं कुंकू होतं, हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती रडली असती आणि वर मलाच तिची समजूत काढावी लागली असती. "छान झालं," असं म्हणून मी आत गेले आणि चहा इतका उकळला की कुणाला प्यायला जाईना. तिनं मात्र तो कप निमूट संपवला, आणि मला त्याचाही राग आला.

आता कॅमेऱ्यात एकच गोष्ट बाकी होती. फोटो काढायला त्याला विजेची गरज नव्हती, बटण दाबलं की तो आपला खटकन काम करायचा. पण खिडकीतली सुई सेलवर चालायची, आणि सुई मेलेली होती. उजेड किती आहे हे सुई सांगणार नसेल तर फोटो अंदाजानं काढावे लागतात. त्या कॅमेऱ्याला पूर्वी पाऱ्याचा सेल लागायचा. पारा विषारी म्हणून ते सेल बनवणंच बंद झालं. अप्पांनी शेवटचा सेल संपल्यावरही टाकला नव्हता. फिल्मच्या काळ्या डबीत घालून तो ते दाढीच्या सामानात ठेवतात.

भावजयीनं ऑनलाइन शोधून तसाच एक नवा सेल मागवला. तोच आकार, तीच जाडी, नंबरही तोच. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं पाकिटाचा फोटो टाकला. "मिळाला! सेम टू सेम!" भावानं टाळ्या वाजवणारे हात पाठवले. मी फोटो मोठा करून पाकिटावरचं बारीक अक्षर वाचलं. दीड व्होल्ट.

मी कल्याणच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक आहे. सेल, बल्ब आणि व्होल्टमीटर जोडून देण्यात माझी तीस वर्षं गेली. मी उठले, अप्पांच्या दाढीच्या डब्यातून ती काळी डबी काढली आणि जुन्या सेलवर कोरलेला आकडा पाहिला. एक पॉइंट पस्तीस. फरक दिसायला एवढासा, पण त्या सुईला केवढा तरी. जास्त दाब मिळाला की सुई उगाच वर चढणार आणि आहे त्यापेक्षा जास्त उजेड दाखवणार. फोटो काढणारी तिच्यावर विश्वास ठेवून लेन्सचं भोक बारीक करणार आणि फोटो काळे येणार. मी डबी बंद केली आणि जागेवर ठेवली. ग्रुपवर एक अंगठा पाठवला.

फोटो काळेच आले. भाऊबीजेचा आख्खा रोल काजळी धरल्यासारखा. ओवाळणारी मी म्हणजे अंधारातलं एक नाक. मला आनंद झाला. लपवून काय करू, अगदी मनापासून आनंद झाला. त्या दिवशी पोह्यांवर मी खोबरं सढळ हातानं घातलं.

पण त्यातून जे सुरू झालं ते मला नको होतं. रोज संध्याकाळी साडेसातला तिचा अप्पांना फोन यायला लागला. एरवी अप्पा फोनवर कुणाशी बोलत नाहीत, आवाज फुटतो म्हणून. हिचा फोन आला की मात्र मशीनला फोन दाबून धरायचे आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं बोलायचे. "उन्हाकडे पाठ करून उभी राहा. नाही, नाही, ज्याचा फोटो काढतेस तो नव्हे, तू!" हसायचे. कारखान्यातल्या गमती सांगायचे, ज्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. फोन ठेवला की माझ्याकडे वळून विचारायचे, "भात मऊ आहे ना?"

मी ताट वाढायचे आणि आतल्या आत जळायचे. दिवसाचे साडेतेवीस तास हा माणूस माझा, आणि ज्या अर्ध्या तासात तो जिवंत दिसतो तो अर्धा तास तिचा.

दुसरा रोल काळा आला. अप्पा काळजीत पडले. "सेल तर तोच आहे म्हणते," ते मला म्हणाले, "मग बिघडलं काय असेल गं?" त्यांनी सरळ मला विचारलं होतं. मी म्हटलं, "जुनी वस्तू आहे, अप्पा. चालायचंच."

आणि एवढं करून मी काय केलं असेल? मी त्याच आठवड्यात अप्पांच्या कार्डातला एक सेल शाळेत नेला आणि मीटरवर लावून पाहिला. नवा असताना किंचित जास्त दाखवला, मग थोडं काम दिल्यावर एक पॉइंट पस्तीसच्या आसपास येऊन जो बसला तो हललाच नाही. पाऱ्याच्या सेलसारखाच. म्हणजे जो सेल सगळीकडे शोधला जात होता तो माझ्या वडिलांच्या कानात होता. फक्त आकारानं तो लहान, कॅमेऱ्याच्या खोबणीत खुळखुळणार. गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायची अर्धा इंची नळी मी घेतली, तिच्या टोकाची पातळ चकती कापली आणि सेल तिच्यात बसवला. घट्ट बसला. जुन्या सेलशेजारी ठेवून पाहिला तर दोघांचा घेर सारखा. ती रबराची चकती मी अप्पांच्या काळ्या डबीत जुन्या सेलच्या सोबतीला टाकून दिली. कॅमेरा दुसरीकडे आणि त्याची चकती तयार करून बसलेली मी.

सांगितलं मात्र नाही. रोज साडेसातला फोन वाजायचा, रोज सांगता आलं असतं. मी तोंड शिवून बसले.

अप्पांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. एक्याऐंशी वर्षं पूर्ण झाल्यावर करतात तो कार्यक्रम, एक्याऐंशी दिव्यांचं औक्षण. आमच्याच घरी, घरच्यांपुरता. अप्पांनी एकच अट घातली होती, फोटो माझ्या कॅमेऱ्यानं काढायचा. कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी रविवारी भावजय आली. एकटीच, बाळकुमवरून माणकोलीच्या पुलानं गाडी चालवत. अप्पा वाचनालयात गेले होते. तिनं पर्समधून कॅमेरा काढून डायनिंग टेबलावर ठेवला.

"ताई, हा तुम्ही ठेवा. मला नाही जमत. तीन रोल फुकट घालवलेत मी. मेकॅनिक काका म्हणाले मीटरच गेलाय. अप्पांच्या दिवशी परत असंच झालं तर मला तोंड दाखवता येणार नाही. फोटो मोबाइलनं काढू." तिचे डोळे भरले होते. "तसाही तो तुमच्याच घरातला आहे. मी उगाच मागितला."

काळी डबी आमच्यापासून दहा पावलांवर होती. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, "ठेव. मी सांगते अप्पांना."

ती गेल्यावर मी कॅमेरा उचलला. खंडेनवमी नव्हती, मागून कुणी ओरडलं नाही. रुपयाच्या नाण्यानं तळाची चकती फिरवून उघडली, तिचा सेल काढला, कानाच्या कार्डातला एक घेऊन पट्टी सोलली. घड्याळाकडे बघत एक मिनिट थांबले. सेल रबराच्या कड्यात बसवून आत घातला आणि कॅमेरा खिडकीकडे धरला. सुई उठली. थरथरली, वर गेली, थांबली. भिंतीकडे वळवला तर शहाण्यासारखी खाली आली. मी खिडकी, भिंत, खिडकी, भिंत असं किती वेळ करत राहिले कोण जाणे. मग दाखवायला म्हणून मागे वळले तर घरात कुणी नव्हतं. मी तो कपाटात पैठणीखाली ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. मला हवं होतं ते मिळालं होतं.

अप्पांना सांगितलं, "ती कॅमेरा देऊन गेली, बिघडलाय म्हणे." अप्पा "बरं" म्हणाले. त्या दिवशी साडेसातला फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिला बहुतेक लाज वाटत असावी. अप्पा मात्र साडेसातला फोन मांडीवर घेऊन बसायचे. आठ वाजेपर्यंत बसायचे. मग तो टेबलावर ठेवायचे आणि पानावर यायचे. भात मऊ आहे का, हेही विचारणं त्यांनी सोडलं. मी समोर बसून माझ्या वडिलांना दुसऱ्या कुणाच्या फोनची वाट बघताना बघत होते, आणि तो फोन बंद पाडला होता मी.

कार्यक्रमाला दोन दिवस उरले असताना त्यांचा सेल संपला. सकाळची वेळ होती. मी मशीन काढून टेबलावर ठेवलं, नवा सेल घेतला, निळी पट्टी काढली. मिनिट सुरू झालं. पण त्या दिवशी नेहमीचं वाक्य तोंडातून निघेना.

"अप्पा," मी म्हटलं, "कॅमेरा बिघडलेला नाही. सेल चुकीचा होता. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी तिला सांगितलं नाही."

"ठाऊक आहे," अप्पा म्हणाले.

मी टेबलाकडे पाहिलं. मशीन तिथंच होतं, सेल त्याच्या शेजारी.

"ओठ कळतात मला," कानात मशीन नसल्यानं ते मोठ्यांदा बोलत होते. "मशीन घ्यायच्या आधी चार वर्षं मी तसंच तर ऐकत होतो. डबीत कापलेली नळी दिसली तेव्हाच समजलो. ड्राफ्ट्समन होतो मी. नळी कशासाठी कापलीय ते माप बघून कळतं."

"म्हणजे वर्षभर मी जे बोलत होते..."

"वर्षभर एकच प्रश्न. पाठ झालाय." त्यांनी मशीनसाठी पुढे केलेला हात मांडीवर घेतला. "तिनं मागितला, मी दिला. एवढंच आहे ते. तूही मागितला होतास, तेव्हा दिला नाही. पोरीच्या हातून पडेल असं वाटलं. मूर्खपणा झाला माझा. पण त्यानंतर चाळीस वर्षं तू पुन्हा मागितला नाहीस. बोलतेस, तर तेही मला ऐकू येत नसताना."

मग त्यांनी कानाला बोट लावून विचारलं, "झालं का मिनिट?"

मिनिट केव्हाच झालं होतं. मी सेल घातला, मशीन त्यांच्या कानामागे बसवलं आणि तोंड धुवायला आत गेले.

संध्याकाळी साडेसातला मी भावजयीला फोन लावला.

"अगं, परवा येताना रोल घेऊन ये."

"कशाला, ताई? मीटर गेलाय ना?"

"मीटर ठणठणीत आहे. तुझा सेल चुकीचा होता. बरोबर सेल कुठला ते मला माहीत होतं."

पलीकडून ती म्हणाली, "कधीपासून?"

"दिवाळीपासून. जळत होते तुझ्यावर."

"ते मला वाटलेलंच."

"कशावरून?"

"तुमच्या चहावरून," ती म्हणाली. "अप्पा मला सारखे सांगायचे, सेलचं ताईला विचार, तिला कळतं. माझीच हिंमत नाही झाली, ताई."

मी फोन अप्पांच्या हातात दिला आणि भात लावायला गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी ती दीड तास उशिरा आली, घोडबंदरला ट्रॅफिक होतं. रोल तिनं स्वतः भरला. सेलचं कडं मी तिला उघडून दाखवलं, पट्टी कशी काढायची आणि किती थांबायचं तेही. मग औक्षणाच्या तबकातल्या कुंकवात बोट बुडवून मी लेन्सच्या कड्याला टेकवलं. गार लागलं. तिनं तो लाल ठिपका पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"ताई, तो गंज..."

"गंजच होता," मी म्हटलं.

अप्पा शाल पांघरून पाटावर बसले होते. आम्ही दोघींनी मिळून एक्याऐंशी दिवे लावले, खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. माझं ओवाळून झालं. तबक अप्पांच्या समोर ठेवलं आणि त्यांच्या सुरकुत्यांमध्ये सगळा उजेड साठला. भावजयीनं कॅमेरा घेतला, लेन्सवरचं झाकण काढलं आणि सहज माझ्याकडे केलं.

"ताई, एवढं धरता?"

माझा तळहात आपोआप पुढे गेला होता. चाळीस वर्षांची सवय. त्यावर झाकण पडणार तेवढ्यात मी तो उलटा केला. अप्पांच्या कानात मशीन होतं, त्यात दोन दिवसांपूर्वीचा सेल होता, त्यांना सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. मी त्यांच्याकडे बघून मोठ्यांदा विचारलं.

"अप्पा, मी घेऊ?"

भाऊ, मिस्टर, सगळे माझ्याकडे बघायला लागले. अप्पांनी मान वर केली.

"घे की," ते म्हणाले.

भावजयीनं कॅमेरा माझ्या हातात दिला. मी तो दिव्यांकडे धरला, रिंग फिरवली, सुई मधोमध आली.

"झाकण सांभाळ," मी तिला म्हटलं आणि एक डोळा मिटला.